पोलादाच्या सांध्यातले मऊ धातू



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी आयुष्यभर कार्यशाळेत शिकवलं. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर बोलायचं, तर विषयासाठी फार लांब जाण्याची गरज नव्हती. दोन वस्तू एकमेकींवर घासतात तेव्हा नेमकं काय होतं, आणि ती घासाघीस आटोक्यात ठेवायला कोणकोणते धातू कामी येतात, एवढाच आजचा विषय आहे.

यंत्रयुगाचा इतिहास आपण लोखंड-पोलादाचा इतिहास म्हणून शिकतो. पूल पोलादाचे, रूळ पोलादाचे, इंजिनं पोलादाची. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. पोलाद उभं राहतं ते स्वतःच्या बळावर. पण ते फिरायला लागलं की त्याला दुसऱ्याची मदत घ्यावी लागते. कथील, शिसं, जस्त, इंडियम, लिथियम हे सगळे मऊ धातू आहेत, काही तर सुरीनं कापता येतील इतके मऊ. पूल बांधायला यांतला एकही चालणार नाही. तरीही गेल्या पावणेदोनशे वर्षांत पोलादाचे सांधे यांनीच राखले, आणि त्यांचं हे काम नीट सांगितलं जावं असं मला मनापासून वाटतं.

घर्षणाशी माणसाची झटापट फार जुनी. इजिप्तमध्ये जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक भित्तिचित्र होतं, इसवी सनापूर्वी 1880 च्या सुमाराचं. प्रचंड पुतळा घसरपट्ट्यांच्या गाड्यावर बसवलाय, 172 माणसं दोरांनी तो ओढताहेत, आणि पुतळ्याच्या पायाशी उभा असलेला एक माणूस गाड्यापुढच्या वाळूवर काहीतरी ओततोय. हे ओतणं धार्मिक विधी असावा असं बरीच वर्षं मानलं गेलं. 2014 साली अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूवर घसरगाडा ओढून मोजमाप केलं. वाळू बेताची ओली असेल तर ओढायला लागणारं बळ निम्म्यावर येतं, कारण कोरडी वाळू गाड्यापुढे ढीग करून अडवते आणि ओल्या वाळूचे कण एकमेकांना धरून राहतात. पाणी कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर पुन्हा चिखल. तो ओतणारा माणूस घर्षणाच्या शास्त्रातला एक आद्य कामगार म्हणायला हरकत नाही. चार हजार वर्षांपूर्वी त्याला प्रमाण कळत होतं.

आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला वंगण घालत ते बहुतेक करून एरंडेलाचं. वंगण आटलं की चाक कुरकुरायचं आणि तुंब्यातली लोखंडी नळी तापायची. गाडीवानाला कारण सांगता आलं नसतं, पण एरंडेल धातूला धरून राहतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यामागचं रसायन पुढे येईलच.

आधी एक जुनं कोडं सांगतो. लिओनार्दो दा विंचीनं 1493 च्या सुमारास आपल्या वह्यांत घर्षणाच्या प्रयोगांची चित्रं काढली. एकच ठोकळा आडवा, उभा, कडेवर असा ठेवून ओढला, तरी लागणारं बळ तेवढंच. वजन दुप्पट केलं की बळ दुप्पट. या वह्या छापल्या गेल्या नाहीत, म्हणून 1699 साली गियोम आमाँताँ या फ्रेंच माणसाला तेच पुन्हा शोधावं लागलं. आमाँताँ तरुणपणीच बहिरा झाला होता. आयुष्यभर त्यानं उपकरणं घडवली आणि प्रयोग केले. फ्रेंच विज्ञान अकादमीतल्या विद्वानांनी त्याच्या निष्कर्षांवर शंका घेतली. टेकणारं क्षेत्रफळ वाढलं तर घर्षण वाढायलाच हवं, नाही का? पुढे शार्ल कुलाँ यानं 1785 साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात जहाजबांधणीच्या उपयोगाचे भरपूर प्रयोग मांडले आणि नियम पक्के केले. कोडं मात्र तसंच राहिलं. पृष्ठभागाचं क्षेत्रफळ घर्षणात मोजलं का जात नाही, हे पुढची दीडशे वर्षं कुणालाही पटेल असं सांगता आलं नाही.

दरम्यान यंत्रं कुणासाठी थांबली नव्हती. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी निघाली. तिच्या आणि तिच्यानंतर कित्येक दशकं धावलेल्या गाड्यांच्या आसांना आजच्यासारखी गोळ्यांची किंवा रोलरची बेअरिंगं नव्हती. आसाच्या टोकावर पितळेचं अर्धगोल बेअरिंग टेकलेलं असे, आणि मधे चरबी किंवा तेल. चरबी म्हटली की आपल्या देशात 1857 आठवतं. त्यातलं तंत्र बहुधा कुणी सांगत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. एनफील्ड रायफलीची गोळी शिशाची होती. बार उडाला की त्या मऊ शिशाचा तळ फुलायचा आणि नळीतल्या आट्यांना घट्ट बसायचा. आट्यांत बसलेली गोळी गरगरत जाते म्हणून नेम साधतो. पण दारूची काजळी नळीत साठली की पुढची गोळी वरून आत ढकलणं अवघड व्हायचं, म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावलेलं असे. त्या वंगणात गाईची आणि डुकराची चरबी आहे, ही बातमी छावण्याछावण्यांत पसरली आणि पुढचं आपण जाणतो. वंगण कशाचं करायचं हा प्रश्न एका साम्राज्याला इतका महाग पडल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता मी ज्या प्रयोगाची गोष्ट सर्वांत आनंदानं सांगतो तो प्रयोग. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेनं घर्षणाचा अभ्यास करायला एक समिती नेमली आणि काम बीचम टॉवर या अभियंत्याकडे दिलं. त्याचा अहवाल 1883 साली आला. टॉवरनं रेल्वेच्या आसासारखा एक आस घेतला, त्यावर पितळेचं अर्ध बेअरिंग ठेवलं, वरून भार दिला, आणि आसाचा खालचा भाग तेलात बुडता ठेवून तो फिरवायला सुरुवात केली. घर्षण आश्चर्य वाटावं इतकं कमी निघालं. पुढे बेअरिंगला वरून तेल सोडायची बुधली बसवायची म्हणून त्यानं माथ्यावर अर्ध्या इंचाचं आरपार छिद्र पाडलं. यंत्र पुन्हा सुरू केलं, तर छिद्रातून तेल वर आलं आणि ओसंडून खाली सांडायला लागलं. पसारा नको म्हणून त्यात बूच ठोकलं. बूच बाहेर आलं. लाकडाची खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. आता मात्र टॉवरनं तिथे दाबमापक बसवला. काटा दर चौरस इंचाला 200 पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता साधारण 100 पौंड.

याचा अर्थ लक्षात घ्या. आस पितळेला टेकलेलाच नव्हता. तो तेलावर तरंगत होता. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून घेत होता, आणि त्या तेलात इतका दाब तयार होत होता की त्यानं वरचा सगळा भार उचलून धरला. शिवाय दाब सर्वांत जास्त होता तो माथ्यावर, म्हणजे जिथून तेल आत सोडायची त्या काळी पद्धत होती नेमका तिथे. भोक अशा जागी होतं की तिथून तेल आत जाणं अवघडच होतं. टॉवर उत्तर शोधायला निघाला होता आणि त्याच्या हाती प्रश्नच वेगळा लागला. हातातलं मूळ काम बाजूला ठेवून त्या बुचाच्या मागे लागण्याची बुद्धी त्याला झाली, यात त्याचं मोठेपण आहे.

मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजातले प्राध्यापक ऑसबर्न रेनल्ड्स यांनी 1886 साली या तेलपटाचं गणित मांडलं. आस बेअरिंगमध्ये किंचित एका बाजूला सरकतो. त्यामुळे मधली फट एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद, अशी पाचरीच्या आकाराची होते. चिकट तेल रुंद बाजूनं ओढलं जातं, अरुंद बाजूकडे त्याची कोंडी होते, आणि त्या कोंडीतून दाब जन्माला येतो. त्याच सुमारास रशियात निकोलाय पेत्रोव हेही रेल्वेच्या आसांवरच काम करत होते. काकेशसमधलं खनिज तेल चरबीच्या आणि वनस्पतींच्या तेलांऐवजी वापरता येईल का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आज धरणांवरची महाकाय जनित्रं आणि आपल्या मोटारीचा क्रँकशाफ्ट रेनल्ड्सच्या समीकरणावरच चालतात. तेलाचा तो पट केसाच्या जाडीहूनही पातळ असतो.

मग मऊ धातूंचं काय काम, असं विचाराल. हा पट आस फिरत असतानाच टिकतो. गाडी थांबली की आस खाली बसतो, धातू धातूला टेकतो. निघताना पहिले काही क्षण, थांबताना शेवटचे काही क्षण, आणि तेल कमी पडलं, तेलात कचरा आला तर मधले कितीतरी क्षण धातू धातूवरच घासतो. पोलादावर पोलाद घासलं तर दोन्ही चिकटतात, फाटतात, आस कायमचा जायबंदी होतो. यावरचा उपाय अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिट यांनी 1839 साली पेटंट केला. बेअरिंगच्या आतून मऊ मिश्रधातूचं अस्तर ओतायचं. त्यात दहांतले सुमारे नऊ भाग कथील, बाकी अँटिमनी आणि तांबं. कारखान्यांत याला व्हाइट मेटल म्हणतात, बॅबिटही म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मऊ कथलात कठीण स्फटिकांचे बारीक चौकोन आणि सुया रुतलेल्या दिसतात. भार कठीण कण घेतात, आणि आस थोडा वाकडा बसला तर मऊ भाग दबून जागा करून देतो. वाळूचा कण आला तर तो मऊ धातूत गाडला जातो, आसाला चरा पाडत नाही. आणि तेल पार आटलंच, तर साधारण अडीचशे अंशांच्या आसपास हे अस्तर वितळायला लागतं. बेअरिंग जातं, पण आस वाचतो. अस्तर दिवसभरात नवं ओतता येतं, नवा आस घडवणं किती खर्चाचं आणि वेळखाऊ असतं हे इथल्या फिटर मंडळींना सांगायला नको.

हे अस्तर ओतण्याची एक पायरी मला फार आवडते. पितळेच्या किंवा पोलादाच्या कवचावर व्हाइट मेटल थेट ओतलं तर ते धरत नाही. आधी कवच स्वच्छ करून, तापवून, त्यावर नवसागर किंवा जस्ताचा क्लोराइड लावून कथलाचा पातळ थर फिरवावा लागतो. म्हणजे चक्क कल्हई करावी लागते. पूर्वी दारावर येणारा कल्हईवाला भाता लावायचा, पातेलं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं ती झरझर पसरायचा. पांढऱ्या धुराचा एक लोट उठायचा आणि भांडं आतून रुपेरी व्हायचं. नवसागर तापला की तांब्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतो, आणि उघड्या पडलेल्या तांब्याला 232 अंशांवर वितळलेलं कथील अणूअणूनं धरतं. आंबट वरणानं तांबं उतरू नये म्हणून घरात केलेली ती क्रिया आणि आगगाडीच्या बेअरिंगची तयारी ही एकच विद्या आहे. एकीला आपण अभियांत्रिकी मानलं, दुसरीला मानलं नाही, आणि त्यामुळे कल्हईवाल्यांच्या हातातलं ज्ञान कुठल्याही अभ्यासक्रमात न शिरता नाहीसं होत आलं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

याच कुळातला आणखी एक मिश्रधातू मराठी वाचकाच्या डोळ्यांखालून दीडशे वर्षं गेला आहे. शिसं, अँटिमनी आणि कथील. छापखान्यातले खिळे याचे. जावजी दादाजींनी 1869 साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्याच्या सुबक देवनागरी खिळ्यांची कीर्ती देशभर झाली. शिशात अँटिमनी मिसळलं की ते कठीण होतं आणि साच्यात थंड होताना कमी आकसतं, म्हणून वेलांटीचं टोकसुद्धा स्पष्ट उठतं. प्रमाण बदललं की तेच तीन धातू अक्षर छापायचं सोडून आस पेलायला लागतात. शिशाचं अस्तर असलेली स्वस्त बेअरिंगंही भरपूर वापरली गेली.

आता लिओनार्दोच्या कोड्याकडे येऊ. ते सोडवलं फ्रँक फिलिप बाउडन आणि डेव्हिड टेबर या जोडीनं. बाउडन टास्मानियातले, टेबर लंडनचे, दोघांची कर्मभूमी केंब्रिज. दुसऱ्या महायुद्धात बाउडन ऑस्ट्रेलियात अडकले, तेव्हा मेलबर्न विद्यापीठात त्यांनी वंगणं आणि बेअरिंगं यांच्यावर काम करणारी प्रयोगशाळा उभी केली. टेबर तिथे जाऊन मिळाले. त्यांनी दाखवलं की कितीही गुळगुळीत केलेला धातू सूक्ष्म पातळीवर डोंगरदऱ्यांनी भरलेला असतो, आणि दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात ते शिखरांच्या टोकांवर. हिशेब करून पाहा. पोलादी मेजावर दहा किलोचा लोखंडी ठोकळा ठेवलाय, तळ 100 चौरस सेंटिमीटरचा. साध्या पोलादाची कठीणता धरली तर खरोखर टेकलेलं क्षेत्रफळ येतं एका चौरस मिलिमीटरचा विसावा भाग. तळाचा दोन लाखांतला एक हिस्सा! तेवढ्याशा टोकांवर सगळा भार येतो, म्हणून ती टोकं चेपतात आणि भार पेलला जाईल इतकीच पसरतात. भार दुप्पट, तर खरा स्पर्श दुप्पट. ठोकळा आडवा ठेवा, उभा ठेवा, खरा स्पर्श तेवढाच. आमाँताँवर शंका घेणाऱ्या विद्वानांना उत्तर मिळायला अडीचशे वर्षं लागली.

टेकलेली टोकं एकमेकांना अक्षरशः जोडली जातात, आणि ठोकळा सरकवायचा म्हणजे हे जोड कातरायचे. तेव्हा घर्षण ठरतं दोन गोष्टींवर: खरा स्पर्श किती, आणि तो कातरायला किती बळ लागतं. कठीण धातू घेतला तर स्पर्श थोडा, पण जोड बळकट. मऊ धातू घेतला तर जोड दुबळे, पण स्पर्श ऐसपैस. दोन्हीकडून हिशेब सारखाच पडतो. बाउडन आणि टेबर यांनी यातून वाट काढली. कठीण पोलादावर मऊ धातूचा अगदी पातळ थर द्यायचा. भार खालचं पोलाद पेलतं म्हणून स्पर्श थोडा राहतो, आणि कातरायचा असतो तो वरचा मऊ थर. त्यांनी इंडियमचा थर देऊन हे मोजून दाखवलं, आणि घर्षण झपाट्यानं खाली आलं. त्याच युद्धात विमानांच्या इंजिनांची बेअरिंगं चांदीची केली जात, तिच्यावर शिसं आणि वर इंडियम. इंडियम हा मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा वापरात आला तो तिथे. आज तोच इंडियम कथलाच्या जोडीनं, पारदर्शक ऑक्साइड होऊन, तुमच्या मोबाइलच्या पडद्यावर पसरलेला आहे.

आता ते एरंडेलाचं राहिलेलं रसायन. चरबीत आणि वनस्पतींच्या तेलांत स्निग्धाम्लं असतात. त्यांचं एक टोक लोखंड, तांबं, जस्त अशा धातूंवरच्या ऑक्साइडशी संयोग पावतं आणि त्या धातूचा साबण तयार होतो. हा साबणाचा एकदोन रेणू जाडीचा थर आसाला चिकटून राहतो, तेलपट फुटला तरी राहतो. केंब्रिजच्या प्रयोगांत असंही दिसलं की प्लॅटिनमसारख्या निष्क्रिय धातूवर हीच आम्लं फारशी कामाला येत नाहीत, कारण तिथे साबण बनतच नाही. गाडीवानाचं एरंडेल लोखंडाला का धरून राहायचं, ते यातून उमगतं.

पुढचं वळण आणखी सुंदर आहे. तेलात साबण मिसळून घट्ट केलं की ग्रीस होतं. चुन्याच्या साबणाचं ग्रीस उष्णतेनं पातळ व्हायचं, सोडियमचं पाण्यानं धुऊन जायचं. 1942 साली क्लॅरेन्स अर्ल यांनी लिथियमच्या साबणाच्या ग्रीसचं पेटंट घेतलं. ते उष्णताही सोसतं आणि पाणीही, म्हणून स्कूटरच्या चाकापासून गिरणीच्या मोटारीपर्यंत सगळीकडे तेच गेलं. या साबणातलं आम्ल येतं कुठून? एरंडेलातून. निकेलच्या साहाय्यानं एरंडेलाला हायड्रोजन द्यायचा आणि त्यातून ते वेगळं काढायचं. जगातलं सर्वाधिक एरंडेल भारतात होतं, त्यातलं बरंचसं गुजरातेत. म्हणजे आपल्या गाडीच्या आसावरचं एरंडेल लिथियमचा हात धरून पुन्हा चाकातच आलं. 2021-22 मध्ये बॅटऱ्यांमुळे लिथियमचे भाव कडाडले आणि ग्रीस करणारे पुन्हा कॅल्शियमकडे वळायला लागले, या वेळी सल्फोनेटच्या रूपात.

जस्ताचं नाव घेतल्याशिवाय इंजिनाचं तेल पुरं होत नाही. 1940 च्या दशकात तेलात जस्त, गंधक आणि फॉस्फरस यांचं एक संयुग घालायला लागले ते तेल खराब होऊ नये, बेअरिंगं गंजू नयेत म्हणून. झीज थांबवण्याचा त्याचा गुण नंतर लक्षात आला. जिथे घासणं जास्त, दाब जास्त, तिथेच ते काचेसारखा फॉस्फेटचा थर बांधतं. हा थर झिजतो आणि झिजल्या जागी पुन्हा तयार होतो. त्यातला फॉस्फरस धुराबरोबर बाहेर पडून धूर शुद्ध करणाऱ्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमला निकामी करतो, म्हणून त्याचं प्रमाण कमी करावं लागलं. ऐंशी वर्षांत त्याची पूर्ण जागा घेईल असं दुसरं काही सापडलेलं नाही.

तुमच्या खिशातलं बॉलपेन हेही एक बेअरिंगच आहे. टोकाशी टंगस्टन कार्बाइडची गोळी, कोबाल्टनं बांधलेली, आणि ती फिरते पितळेच्या किंवा तशाच मऊ मिश्रधातूच्या खोबणीत. शाई तिला वंगणही पुरवते. मुंबईच्या लोकलवर पॅन्टोग्राफ आणि तांब्याची तार हीही घासणारी जोडी आहे. पॅन्टोग्राफवर कार्बनची पट्टी लावतात, कारण तारेपेक्षा पट्टी झिजलेली परवडते. तार रुळांच्या बरोबर मध्यावरून सरळ न नेता डावी-उजवीकडे नागमोडी बांधलेली असते, म्हणजे पट्टीवर एकाच जागी खाच न पडता ती सगळीकडून सारखी झिजते. फलाटावर उभं राहून वर पाहिलंत तर हे डोळ्यांना दिसेल. त्याच गाडीच्या चाकांना मात्र घर्षण हवं असतं. बोरघाटाच्या 37 ला 1 अशा चढावर इंजिनाची चाकं घसरायला लागली की रुळावर वाळू सोडतात.

हवेतलं घर्षण आणि निर्वात पोकळीतलं घर्षण यांत फार अंतर आहे. महायुद्धात फार उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतले कार्बनचे ब्रश पाहता पाहता भुकटी व्हायला लागले. ग्रॅफाइट स्वतःच निसरडा आहे असा समज होता. पण त्याचा निसरडेपणा हवेतल्या बाष्पावर अवलंबून निघाला, आणि उंचावर बाष्प नव्हतं. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं याच्या उलट. त्याचे पापुद्रे पोकळीत अधिक सहज सरकतात, म्हणून अवकाशयानांत ते वापरतात.

पण तेही जपावं लागतं. गॅलिलिओ हे गुरूकडे जाणारं नासाचं यान. त्याचा 4.8 मीटर व्यासाचा मुख्य अँटेना छत्रीसारखा मिटवून नेला होता. 18 काड्या, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या मॉलिब्डेनमच्या तारांची जाळी. उड्डाण व्हायचं होतं 1986 मध्ये. त्या जानेवारीत चॅलेंजरचा अपघात झाला आणि सगळं थांबलं. अँटेना ट्रकमधून कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांच्यामध्ये, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वारंवार नेला गेला. वाटेतल्या हादऱ्यांनी काड्यांना धरून ठेवणाऱ्या टायटॅनियमच्या खुंट्यांवरचं कोरडं वंगण घासून निघालं असावं, असा नंतर तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. मधल्या वर्षांत ते नव्यानं लावलं गेलं नव्हतं. हवेत धातूवर ऑक्साइडची साय धरते. अवकाशात ती एकदा खरवडली गेली की पुन्हा धरत नाही, आणि उघडा टायटॅनियम समोरच्या धातूला चिकटतो. ऑक्टोबर 1989 मध्ये यान निघालं. एप्रिल 1991 मध्ये छत्री उघडायची आज्ञा दिली. काही काड्या अडकून राहिल्या आणि छत्री वाकडीतिकडी अर्धवट उघडली. यान उन्हाकडे वळवून तापवलं, सावलीत नेऊन थंड केलं, मोटारीला हजारो झटके दिले. उपयोग झाला नाही. सेकंदाला 1,34,000 बिट पाठवायची योजना होती. छोट्या अँटेनावरून सुरुवातीला जेमतेम दहा-वीस बिट येणार होते. शास्त्रज्ञांनी यानातलं सॉफ्टवेअर कोट्यवधी किलोमीटरांवरून बदललं, माहिती दाबून पाठवायच्या नव्या रीती शोधल्या, पृथ्वीवरचे अँटेने सुधारले, आणि वेग 160 बिटांपर्यंत आणला. ठरवलेलं सुमारे 70 टक्के काम त्यांनी करून दाखवलं. त्या चिकाटीपुढे मी नतमस्तक होतो. तरीही खुंटीवरचा तो पातळ थर उड्डाणाआधी एकदा पाहिला गेला असता, तर?

एका गोष्टीची गल्लत आपण नेहमी करतो. घर्षण कमी म्हणजे झीज कमी, असं आपण धरून चालतो. इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली हे शल्यविशारद खुब्याचा कृत्रिम सांधा तयार करत होते. पोलादी गोळा आणि त्यावर वाटी टेफ्लॉनची, कारण टेफ्लॉनइतका निसरडा घन पदार्थ क्वचितच दुसरा असेल. 1958 पासून सुमारे तीनशे रुग्णांना त्यांनी असे सांधे बसवले. रुग्ण चालायला लागले. दोनतीन वर्षांत मात्र वाट्या झिजल्या, आणि झिजलेल्या कणांनी भोवतालच्या शरीरात दाह माजवला. त्या कणांचं शरीरात काय होतं हे पाहायला चार्नलींनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. 1962 च्या नोव्हेंबरात त्यांनी पॉलिएथिलिनची वाटी वापरली. तिचं घर्षण टेफ्लॉनपेक्षा जास्त होतं, पण झीज कितीतरी कमी. आज जगभर लाखो माणसं त्या सांध्याच्या वारसांवर चालताहेत. घर्षण ऊर्जा खातं आणि झीज वस्तू खाते, आणि दोन्ही वेगवेगळी मोजावी लागतात.

1966 साली पीटर जॉस्ट यांच्या समितीनं ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. घर्षण, झीज आणि वंगण यांच्याकडे नीट लक्ष दिलं तर वर्षाला 51.5 कोटी पौंड वाचतील, असा त्यांचा अंदाज होता, आणि त्या अहवालातून ट्रायबॉलॉजी ही स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली. 2017 साली होल्मबर्ग आणि एर्देमीर या संशोधकांनी जगाचा हिशेब मांडला. माणूस वापरत असलेल्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे 23 टक्के या घासणाऱ्या सांध्यांवर जाते, 20 टक्के घर्षणावर मात करायला आणि 3 टक्के झिजलेले भाग नव्यानं करायला. इतकी ऊर्जा जिथे जाते तिथे आपलं लक्ष किती आहे? कारखान्यात तेल घालणारा माणूस सर्वांत कमी पगाराचा, ग्रीसचा डबा सर्वांत शेवटच्या कोपऱ्यात, आणि खरेदीच्या वेळी वंगणाचा भाव आधी, प्रत मग. हे बदललं पाहिजे असं मी पोटतिडकीनं सांगतो.

म्हणून एक विनंती करून थांबतो. आपल्या बऱ्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत जर्नल बेअरिंगचं उपकरण असतं. त्यात आसाभोवतीच्या बेअरिंगला ओळीनं छिद्रं पाडून उभ्या नळ्या जोडलेल्या असतात. आस स्थिर असताना सगळ्या नळ्यांत तेल एकाच उंचीवर असतं. आस फिरायला लागला की एका बाजूच्या नळ्यांत तेल चढतं, दुसरीकडे उतरतं, आणि टॉवरचं बूच कशानं उडालं ते समोर उभं राहतं. हे उपकरण वर्षातून एकदा परीक्षेसाठी चालवून कापडाखाली झाकून ठेवू नका. जवळच्या शाळेतली नववी-दहावीची मुलं बोलवा, औद्योगिक वसाहतीतले फिटर, ऑइलमन आणि गॅरेजमधली पोरं बोलवा, आणि आसाची मूठ त्यांच्या हातात द्या. यासाठी कुणी महाविद्यालयानं दार उघडलं, तर उपकरण समजावून सांगायला मी स्वखर्चानं येईन.